तेरवीनंतरचे दिवस

19 मार्च 1986. यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळच्या दत्तपूरला गेले. तिथेच या शेतकरी कुटुंबाचा आत्महत्येने शेवट झाला. साहेबराव गावचे सरपंच होते, भजनात रमणारे गायक होते. नापिकी आणि वीजबिलाच्या थकबाकीने त्यांना घेरले होते. या मृत्यूंचे सुतक समाजाने उघडपणे पाळायला एकतीस वर्षे लागली. 2017 पासून अमर हबीब यांच्या पुढाकाराने किसानपुत्र आंदोलनाचे कार्यकर्ते या तारखेला अन्नत्याग करतात.

संकट सगळ्यांवर एकाच वेळी कोसळले, तर समाज एकत्र रडतो. 26 एप्रिल 2025 रोजी कॅनडातील व्हँकुव्हरमध्ये फिलिपिनो समाजाच्या लापू-लापू उत्सवात गाडी घुसली आणि अकरा जणांचे प्राण गेले. प्रार्थना झाल्या, मदतनिधी जमला. मृत्यूनंतर नऊ दिवस प्रार्थना करायची आणि त्या घराला पैशांचा हातभार लावायचा, ही फिलिपिनो माणसांची जुनी रीत आहे. यवतमाळात शेतकरी आत्महत्यांचे दुःख सुटेसुटे येते. आज या वस्तीत, काही दिवसांनी पलीकडच्या गावात. मातीला माणसे जमतात, तेरवीच्या पंगती उठतात आणि मग ज्याची कपाशी त्यालाच वेचायची असते.

त्याच दिवसांत त्या घरात सरकारी कागद येऊ लागतात. पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सातबारा, बँकेच्या थकबाकीचा दाखला. नापिकी झाली होती का, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. पात्र ठरल्यास एक लाख रुपये मिळतात: 30 हजार हाती, 70 हजार ठेवीत. नातलगांकडून उसने घेतलेले पैसे या हिशेबात येत नाहीत. दुसऱ्याच्या रानात राबणारा शेतमजूर तर सातबाऱ्यावर नसतोच. 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. त्यांत मजूर मोठ्या संख्येने होते. पुढे 2021 मध्ये दगावलेल्यांच्या दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी यांचा कीटकनाशक कंपनीविरुद्धचा दावा थेट स्वित्झर्लंडमधील बासेलपर्यंत गेला.

मागे राहिलेल्या बाईसमोरचे प्रश्न याहून लांबतात. महिला किसान अधिकार मंचाने 2018 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील आत्महत्याग्रस्त कुटुंबांतील 505 महिलांची पाहणी केली. त्या कसत असलेली जमीन सुमारे 40 टक्के जणींच्या नावावर झालेली नव्हती. निवृत्तिवेतन मिळू शकते, हे तिघींपैकी एकीला माहीत नव्हते. जमीन सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर, म्हणून पीककर्ज नाही. पीककर्ज नाही, म्हणून बियाणे सावकाराच्या पैशाने. नवरा ज्या फासात सापडला, त्याच फासात ती शेती करते. वर शुभकार्यात मागे उभे राहायचे आणि कुजबुज ऐकायची.

ही गोष्ट अशा बायकांनी स्वतः रंगमंचावरून सांगितली. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींनी भूमिका केल्या. गावाने ज्यांना कोपऱ्यात बसवले, त्या प्रेक्षकांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभ्या राहिल्या. त्यांच्यातल्याच कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाल्याच्या वादातून तो मान त्यांच्याकडे आला, हे खरे. पण त्या व्यासपीठावरून बोलल्या त्या दया मागायला नव्हे, तर व्यवस्थेला जाब विचारायला.

मनाच्या उपचाराची सोयही हळूहळू आली. 2015 मध्ये आरोग्य विभागाने ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशाताई घरी येऊन झोप लागते का, भूक आहे का, कशात मन लागते का, हे विचारतात आणि गरजेप्रमाणे पुढे पाठवतात. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रयोग झाला. नैराश्यावर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण तिथे 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. गावातले माणूस दारात आले, की उपचाराची लाज कमी होते, असे या अनुभवातून दिसते. आता 14416 या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो.

तरीही समुपदेशनाने सातबारा बदलत नाही. वारसा हक्काची खबर तलाठ्याला तीन महिन्यांत द्यावी, असा कायदा आहे. नेमक्या त्याच तीन महिन्यांत ती बाई घराबाहेर पडत नाही आणि कागद दुसऱ्याच कुणाच्या हातात असतात. तेव्हा गावाने सांत्वनाच्या कामात वारसनोंदीचा अर्जही धरावा. तेरवीला जेवून गेलेल्यांपैकी एखाद्याने महिन्याभरात तिला तलाठी कार्यालयात सोबत न्यावे, फेरफारावर तिचे नाव चढल्याची खातरजमा करावी आणि संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून द्यावा. त्याला ना निधी लागतो, ना शासन निर्णय.