विषाचा हिशेब

भोर-वेल्ह्याकडे भातावर कीड पडली, की आपण औषध मारतो. मारताना नाकातोंडाला फडके बांधतो. का बरे? किडीला मारणारे औषध माणसालाही मारू शकते, म्हणून.

१९१५ साली बेल्जियममधील लढाईत जर्मन फौजेने क्लोरीन वायू सोडला. शिपाई गुदमरून मेले. आपल्या देशाचे शिपाईही त्यात सापडले. पुढे १९३६ साली एक जर्मन शास्त्रज्ञ किडीचे औषध शोधीत होता. त्याच्या हाती माणसांचा जीव घेणारे विष लागले.

अशी हत्यारे कोणी करू नयेत, असा करार देशांनी केला. १९९७ पासून तो लागू आहे. त्याची कचेरी नेदरलँड्स देशात हेग शहरी आहे. तिचे तपासनीस देशोदेशी जातात. भारतातही येतात.

या विषांचा कच्चा माल शाई, रंग, औषधे यांनाही लागतो. मग कारखाने बंद कसे करणार? म्हणून हिशेब घ्यायचा. तपासनीस वह्या बघतो, टाक्या बघतो. माल किती आला, किती खपला, किती उरला, याचा मेळ घालतो. लागलाच तर नमुना घेऊन सील लावतो. नुसत्या सांगण्यावर जायचे नाही, हा त्याचा नेम.

भारताजवळही अशी हत्यारे होती. १९९७ साली आपण ती जाहीर केली. २००९ पर्यंत सारी नष्ट केली. तपासनिसांनी ते पडताळून पाहिले.

आपल्या घरचे तपासनीस आपणच. आता तुम्हांला वाचता येते. डब्यावरची अक्षरे वाचा. डबा कुलपात ठेवा. रिकाम्या डब्यात पाणी भरू नका.