18 ते 300, पहाट ते रात्र

पहाटे 4.50
फेब्रुवारीत आई आणि मावशीला घेऊन ओडिशाला जायचंय. मावशीने आत्ताच बजावून ठेवलंय, "तुझी कॅमेऱ्याची बॅग कुणीही धरणार नाही." म्हणजे तीन लेन्सांचा थाट यंदा बंद. एकच लेन्स न्यायची तर कुठली, हे ठरवायला मैत्रिणीकडून 18-300 एका दिवसासाठी मागून आणली आहे. आज तसंही एका मासिकासाठी नाताळाच्या आधीची वसई टिपायची आहे. किल्ला, कोळीवाडा, स्तूप, वाडी, समुद्रातलं बेट, चर्च हे सगळं इथे स्कूटरच्या टप्प्यात आहे. पंधरा दिवसांच्या सहलीत जे समोर येईल, ते इथे एका दिवसात येतं.

लेन्स हातात घेतली. 600 ग्रॅमच्या आसपास. माझा सेन्सर लहान, दीडपटीचा, त्यामुळे फुल फ्रेमच्या हिशेबात ही 27 ते 450 झाली. कागदावर तरी सगळं आवाक्यात.

5.30
वसई रोड स्टेशनबाहेर फुलवाल्या दादरकडे निघाल्यात. फलाटावर धंद्याचे फोटो काढायला परवानगी लागते, म्हणून मी बाहेर रिक्षांच्या कडेला उभी आहे. एका मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "फुलांचा काढ, माझा नको. मी आज केस विंचरले नाहीत." टोपलीवर ओलं फडकं, वर एकच पिवळा दिवा. 18 वर ॲपर्चर 3.5 पर्यंत उघडतं, तोवर कसंबसं निभावलं. मग गाठ बांधणारे हात जवळून हवे म्हणून झूम केलं आणि प्रकाश गळायला लागला. टोकाला गेलं की ॲपर्चर 6.3 वर येतं, म्हणजे 3.5 च्या तुलनेत प्रकाश जेमतेम तिसरा हिस्सा. आयएसओ वाढवत नेला तर फुलांवर रवा सांडल्यासारखे दाणे. कंपन आवरणारी यंत्रणा माझा थरथरता हात सांभाळते, पण मावशींचे हात ती कशी थांबवणार? दहातले आठ फोटो हललेले. लोकल आली, मावशी गेल्या.

7.15
पाचूबंदर. सूर्य नुकता वर आलाय आणि लेन्सचा जीव भांड्यात पडलाय. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले आहेत, त्यांच्यातून ऊन आरपार जातं. पूर्ण काठी 18 वर, एकाच बोंबलाचा जबडा 200 वर, मागे होडीवरचा झेंडा 300 वर, आणि मी जागची हललेसुद्धा नाही. इथे वारा सुटलेला असतो, वाळू आणि खार दोन्ही उडतात. अशा जागी कॅमेऱ्याचं तोंड उघडून लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरला धुळीचं आमंत्रण. एकाच लेन्सने सगळं भागवण्याच्या बाजूने मला पटलेला सर्वांत भक्कम मुद्दा हाच.

फक्त ही नळी प्रत्येक झूमला बाहेर येते, आत जाते आणि पिचकारीसारखी हवा ओढते. गळ्यात लटकवून चाललं की आपल्याच वजनाने लोंबते. बाजूला कुलपाचं बटण आहे, ते मला चौथ्या वेळी आठवलं.

स्थिरचित्रणासाठीचं पहिलं नावाजलेलं झूम, फोक्टलेंडरचं झूमार, 1959 साली आलं. त्याची धाव 36 ते 82, बस्स. टॅमरॉनने 1992 मध्ये 28-200 आणली आणि सहलीला जाणाऱ्यांच्या गळ्यात एकच लेन्स दिसू लागली. निकॉनची कंपन आवरणारी 18-200 आली 2005 मध्ये. तेव्हापासून पुढचा आकडा वाढवायची चढाओढ सुरूच आहे. दुकानात विचारतात तेही हेच, "मॅडम, किती लांबचं दिसायला पाहिजे?" कितीशा उजेडात, असं आजवर कुणी विचारलेलं नाही.

9.00
किल्ला. तीन जोडपी लग्नाआधीचे फोटो काढून घेतायत, त्यातलं एक धुराच्या नळकांड्यांसकट. कोल्डप्लेच्या 2016 च्या गाण्यात हे पडके चौक दिसले, तेव्हापासून गर्दीचं खापर मी त्यांच्यावर फोडते. खरं तर गर्दी आधीपासूनच होती.

सेंट जोसेफच्या मनोऱ्यासमोर 18 वर उभी राहिले. मनोरा आला, पण कडेच्या भिंती पोट सुटल्यासारख्या बाहेर फुगल्या. झूम थोडं पुढे नेलं तर त्याच भिंती कंबरेत आत गेल्या. इतका लांबचा पल्ला एका नळीत बसवायचा म्हटलं की भिंगांना कुठेतरी तडजोड करावीच लागते. संगणकावर रेषा सरळ होतात, मात्र कडा कापल्या जातात. म्हणून चौकट मुद्दाम सैल ठेवली.

मग 300 वर वरची रिकामी कमान पाहिली. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली, आणि चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन गेले. वाईजवळच्या मेणवलीला त्यातली एक अजून टांगलेली आहे. कमानीत आता एक कबुतर बसलंय. घंटेच्या जागेचा हा फोटो मला वर्षानुवर्षं हवा होता, पण माझी किट लेन्स तिथवर पोचत नव्हती. ही पोचली. एक गुण द्यायलाच हवा.

11.40
सोपारा, बुरूडराजाचा कोट. भगवानलाल इंद्रजींनी 1882 मध्ये हा स्तूप खणला, त्यात सापडलेले अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. डोक्यावरच्या उन्हात विटांचा ढीग सपाट दिसतो. त्याला कुठलीच लेन्स वाचवत नाही. पाच मिनिटांत निघाले.

1.30
जेवण, आणि लेन्स कोरड्या फडक्याने पुसणं. दोन पावसाळ्यांपूर्वी माझी एक लेन्स चामड्याच्या पिशवीत कपाटात पडून राहिली आणि आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरली. चूक माझी. वसईची हवा तसली चूक पोटात घालत नाही. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवते. आई त्याला लोणच्याचा डबा म्हणते.

3.30
निर्मळजवळची एक वाडी. केळी, सुपारी, आणि मधोमध बावखल. वसईच्या वाड्यांना गोडं पाणी पुरवणारी ही तळी आता बरीच बुजलीत. काठावर खंड्या बसला होता. 300 वर तो मनासारखा भरला. शेजारची कमळाची कळी मात्र हातभर अंतरावरून घेतली, तेव्हा वाटला तितका आकार येईना. अशा बऱ्याच लेन्सा जवळच्या वस्तूवर 300 म्हणत असल्या तरी 300 उरत नाहीत. दुकानात भिंतीवरचा फलक टिपून पाहिला तर हे कळत नाही, कारण फलक लांब असतो.

5.40
अर्नाळ्याचा किनारा, समोर बेटावर किल्ला. सूर्याचं बिंब सेन्सरवर फोकल लेंग्थच्या साधारण 1/109 एवढं उमटतं. 18 वर ते टाचणीच्या टोकाएवढंही नाही. 300 वर पावणेतीन मिलिमीटर, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा आठवा भाग. बिंब पाण्याला टेकायच्या आधी किल्ल्याच्या तटाशी आणायचं म्हणून ओल्या वाळूतून पळत राहिले. चार फोटो मिळाले. त्यातला एक मासिकात नक्की लागेल.

7.40
नंदाखालच्या वाटेवर घराघरांवर चांदण्या लागल्यात. एका अंगणात पोरं नाताळगोठा उभारतायत. भाताचं पिंजर, मातीच्या गाई, आत एकच मिणमिणता दिवा. म्हातारे काका म्हणाले, "बिनधास्त काढ गो, पण फ्लॅश मारू नको, पोरांचे डोळे दिपतात." आणि मी पुन्हा पहाटेच्या ठिकाणी आले. 35 वर ही लेन्स साडेचारच्या आसपास उघडते. माझी जुनी 35 ची 1.8 वाली, अवघी 200 ग्रॅमची, इथे सहापट प्रकाश घेते. ती घरी त्या लोणच्याच्या डब्यात बसली होती. गाय चिकटवणाऱ्या पोराची जीभ बाहेर आली होती, ते सगळं धुरकट आलं.

10.30
दिवसभराचे फोटो फोकल लेंग्थप्रमाणे लावून पाहिले. निम्म्याहून जास्त 50 च्या खाली. 150 च्या पुढे मोजून चार गोष्टी: घंटेची कमान, बोंबील आणि होडी, खंड्या, सूर्य. फसलेले सगळे अंधारातले. ओडिशात देवळांच्या ओसऱ्या आहेत, संध्याकाळच्या आरत्या आहेत. तिथे लांबचं कमी आणि काळोख जास्त भेटणार.

म्हणून 300 चा मोह सोडला. 18-140 च्या आसपासची एखादी घ्यायची, त्या 300 ते 500 ग्रॅममध्ये मिळतात. सोबत ती 35. घंटेच्या कमानीचं थोडं वाईट वाटलं, पण वसई काही लांब नाही, त्यासाठी मैत्रिणीची लेन्स पुन्हा मागता येईल.

मावशीला फोन करून सांगितलं, दोन लेन्सा होतायत.
"दुसरी केवढी?"
"वाटीएवढी."
"मग दे ती माझ्या पर्समध्ये. औषधांच्या पिशवीखाली बसेल."