वायर घेताना आधी विचार उष्णतेचा

कऱ्हाड, पलूस किंवा तासगावच्या बाजारात मोटरीची केबल घेताना बोलणं बहुतेक तीन गोष्टींवर होतं: मीटरचा भाव काय, किती एमएम, आणि कंपनी कुठली. केबलीच्या अंगावर ‘११०० व्होल्ट’ असं ठळक छापलेलं असतं आणि ते वाचून गिऱ्हाईक निर्धास्त होतं. घरात २३० व्होल्ट, थ्री फेज मोटरीला ४१५. मग अकराशेची वायर म्हणजे गरजेच्या दुपटीहून दणकट, असा हिशेब मनात बसतो. हा हिशेब भलत्याच जागी धीर देतो. व्होल्टचा आकडा एवढंच सांगतो, की तांब्यावरचं आवरण विजेचा किती दाब फुटल्याशिवाय सोसेल. तिच्यातून किती प्रवाह जाऊ शकतो, ती किती तापेल, मोटरीपर्यंत किती व्होल्ट पोचवील, यातलं काहीही तो सांगत नाही. पाऊण चौरस मिलिमीटरची बारीक वायर आणि सहाची जाड केबल, दोन्हींवर तोच आकडा असू शकतो. म्हणून घरातली असो की शेतातली, वायर निवडताना पहिला प्रश्न उष्णतेचा असायला हवा: ती कुठे तयार होणार, आणि तिथे ती सोसणार कोण.

तांबं स्वतः शंभर-दीडशे अंशांना डगमगत नाही. डगमगतं ते त्याच्यावरचं आवरण. साध्या पीव्हीसीची मर्यादा ७० अंश सेल्सिअस, ‘एचआर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या उष्णतारोधक पीव्हीसीची ८५, एक्सएलपीईची ९०, आणि भट्टी-ओव्हनच्या आत वापरतात त्या सिलिकॉन रबराची १८० अंशांच्या आसपास. मर्यादा ओलांडली की आवरण लगेच पेटत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे. पीव्हीसीतला मऊपणा हळूहळू निघून जातो, ते कडक होतं, वळणावर तडकतं. तापमान कायम आठ-दहा अंशांनी जास्त राहिलं तर आवरणाचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. आता साताऱ्या-सांगलीतला उन्हाळा यात धरून बघा. आपल्याकडे हवेतल्या वायरीची प्रवाहक्षमता ठरवताना भोवतालची हवा ४० अंश धरतात. म्हणजे पीव्हीसीला स्वतःच्या उष्णतेसाठी उरले ३० अंश. काळ्या आवरणाची केबल एप्रिलच्या दुपारी बांधावर उघडी पडली, की त्यातले बरेच अंश ऊनच खाऊन टाकतं. आणि प्रवाह दीडपट झाला तर उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. कारण ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

घरातलं उदाहरण आधी उरकून घेऊ. दोन हजार वॉटचा हीटर जवळपास पावणेनऊ अँपिअर खेचतो, तीन हजारांचा गिझर तेरा. असा हीटर मोबाईल चार्ज करायच्या बारीक एक्स्टेन्शन बोर्डावर लावला, आणि लांब नको म्हणून उरलेली वायर गुंडाळून ठेवली, तर वेटोळ्याच्या आतल्या फेऱ्यांना उष्णता बाहेर टाकायला वाटच राहत नाही. वायर तीच, प्रवाह तोच. फक्त गुंडाळल्यामुळे ती मऊ पडते. इस्त्रीच्या वायरीवर सुताची वीण असते ती शोभेसाठी नसते. इस्त्रीचा तापलेला तवा चुकून वायरीला लागला तर पीव्हीसी वितळतं. आत रबर आणि वर सूत असेल तर वायर तेवढा चटका सोसते. ती खराब झाल्यावर साधी पीव्हीसी वायर जोडून देणं ही दुरुस्ती नव्हे.

नदीकाठी मात्र प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होतो. पंपांचा हा मुलूख जुना आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलजवळच्या माळावर कारखाना उभारला, आणि किर्लोस्करवाडीचे पंप पुढे देशभर गेले. ज्या कृष्णेतून आपण पाणी उपसतो ती एका पातळीला थांबत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. उन्हाळ्यात नदी पार तळाला जाते. त्यामुळे मोटर पाण्यामागे खाली उतरवायची, पुराआधी वर ओढायची, आणि तिच्याबरोबर केबल दगडगोट्यांवरून, काळ्या मातीतून फरफटायची. स्टार्टरची पेटी पुराच्या पाण्याबाहेर हवी म्हणून वर, मोटर खाली; मधलं अंतर दोनशे-अडीचशे मीटर सहज होतं.

हे अंतर काय करतं ते आकड्यांत पाहू. पाच एचपीची थ्री फेज मोटर साधारण नऊ अँपिअर घेते असं धरा, केबल २५० मीटर, तांब्याची. अडीच चौरस मिलिमीटरच्या केबलीत वाटेतच सुमारे २५ व्होल्ट जातात, चारच्या केबलीत १५, सहाच्या केबलीत १०. नऊ अँपिअरला अडीचची केबल काही तापून वितळत नाही. दुकानदार ‘चालतंय की’ म्हणतो ते केबलीपुरतं खरं आहे. पण उष्णता टळलेली नाही, ती मोटरीत गेली आहे. समजा भाराच्या वेळी पेटीतच ३७० व्होल्ट येत आहेत. अडीचच्या केबलीने मोटरीला ३४५ मिळतात. मोटरीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो, म्हणून ४१५ ला असलेल्या जोराच्या सत्तर टक्केसुद्धा उरत नाहीत. पाण्याचा भार मात्र तसाच राहतो. मग मोटर तेच काम करायला जास्त प्रवाह ओढते, आणि तापतं ते वाइंडिंग. सुरू होताना प्रवाह पाच-सहापट असतो, तेव्हा केबलीतली घटही कितीतरी वाढते आणि मोटर नुसती गुरगुरत राहते. वाइंडिंग जळालं की दोष कमी दाबाच्या लाईटला दिला जातो. दाब कमी असतोच, पण उरलेला कमी करण्यात आपल्या केबलीचाही हात असतो, आणि तेवढा भाग आपल्या हातातला आहे.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. जाड केबल महाग, आणि वायरीत वीज वाया गेली तर गेली. बळीराजा मोफत वीज योजनेत २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिलच नाही. वीजबिलापुरता हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण तोटा बिलात दिसत नाही म्हणून तो संपत नाही. थ्री फेज लाईट ठरावीक तासच असते, कधी दिवसा तर कधी रात्री. त्या तासांत पडणारं पाणी कमी, आणि ऐन पाळीत मोटर जळाली तर ती वर काढणं, वाइंडिंगचा खर्च आणि तोवर वाळणारा ऊस, हे सगळं शेतकऱ्याच्याच खिशातून जातं. दुसरा आक्षेप अर्धवट माहितीतून येतो: मग ९० अंशांची बारीक केबल घेऊ, ती जास्त प्रवाह पेलते. पेलते हे खरंच. ४० अंशांच्या हवेत तिला तापायला तीसऐवजी पन्नास अंश मोकळे असतात, म्हणून तेच तांबं सुमारे सव्वापट प्रवाह नेऊ शकतं. पण तापलेल्या तांब्याचा रोध वाढतो. २० अंशांवरून ७० वर गेल्यावर तो वीस टक्क्यांनी चढतो, ९० वर सत्तावीस. भारी आवरण स्वतःला वाचवतं; हरवलेले व्होल्ट परत आणत नाही. लांब अंतराला तांब्याची जाडीच लागते.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, कारण तो अनुभवातून आलेला आहे. नदीकाठची तांब्याची केबल रात्रीत कापून नेतात. अॅल्युमिनिअमला चोर सहसा हात लावत नाहीत. अशा ठिकाणी अॅल्युमिनिअम वापरण्याला हरकत घेणं अन्यायाचं होईल. मात्र त्याची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून चारच्या तांब्याच्या जागी निदान साडेसहाचं, म्हणजे बाजारात मिळणारं दहाचं अॅल्युमिनिअम घ्यावं लागतं. पेटीपासून काठापर्यंत ते जमिनीत पुरावं, पाण्याकडच्या टप्प्यात मऊ तांब्याची फ्लॅट केबल जोडावी. तांबं आणि अॅल्युमिनिअम नुसतं पिळून जोडलं तर ओलाव्यात ती जागा गंजते, सैल होते आणि तापते. दोन धातूंसाठी बनवलेलं लग तिथे लागतंच. जोडावर पट्टी गुंडाळून वर सायकलची ट्यूब आवळण्याची पद्धत जमिनीवर वेळ मारून नेते, पाण्याखाली ती चालत नाही. फसवणूक होते ती तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनिअममध्ये. एक तार ब्लेडने खरवडून पाहा: आत पांढरं दिसलं तर ते तांबं नाही.

छापील ओळही संपूर्ण वाचायला हवी. फ्लॅट केबलीवर तीन कोअर, चौरस मिलिमीटर, आयएस ६९४ आणि आयएसआयचं चिन्ह असतं. चिन्हासोबतचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या अॅपवर तपासता येतो. पाण्यात बुडालेला भाग थंड असतो, बांधावरचा तुकडा तापतो, म्हणून केबलीची निवड त्या तापणाऱ्या तुकड्यावरून करावी.

व्होल्टचा आकडा खरोखर पहिला येतो तो सौर पंपाकडे. ओळीने जोडलेल्या पॅनेलांचा डीसी दाब काही शे व्होल्टपर्यंत चढतो, आणि वायर छतावर किंवा सांगाड्यावर वर्षानुवर्षं उन्हात राहते. त्यासाठीची सौर केबल १५०० व्होल्ट डीसीची, अतिनील किरण सोसणाऱ्या क्रॉसलिंक आवरणाची आणि ९० अंशांची असते. जुन्या मोटरीची उरलेली पीव्हीसी केबल तिथे लावू नये. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, म्हणून सैल जोडातली ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसी शून्यावर येतच नाही. तिची ठिणगी पेटली की धरून राहते. त्यामुळे पॅनेलचे कनेक्टर एकाच बनावटीचे, योग्य पकडीने दाबून बसवलेले हवेत, आणि उन्हात वीज चालू असताना ते कधीही ओढून सोडवायचे नाहीत.