दावतीची सोपी सुरुवात: फळांच्या फोडी आणि सुके गोश्त

घरोघरी फ्रिज नव्हते तेव्हा दख्खनच्या मुस्लिम घरांत बकरी ईदच्या गोश्ताच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद चोळून, गच्चीवर दोरीला वाळत घालत. कावळ्या-मांजरांची राखण पोरांकडे असे. जिलहिजच्या 11, 12 आणि 13 तारखेला 'अय्याम-ए-तशरीक' म्हणतात. या नावाचा एक अर्थ जाणकार गोश्त उन्हात वाळवण्याशीच जोडतात. म्हणजे रीत जुनी आहे. आजही काही घरांत ती टिकून आहे.

हेच सुके गोश्त मेहमानांसमोर फळांबरोबर मांडा, असे आम्ही म्हणतो तेव्हा काही भगिनी दचकतात. दचकण्यासारखे काही नाही. इटलीत खरबुजाच्या फोडीवर खारवलेल्या मांसाची पातळ चकती ठेवून जेवणाआधी देतात. ते मांस डुकराचे, म्हणून आपल्याला हराम. पण खारटाने फळाची गोडी खुलते, ही युक्ती कोणालाही वापरता येते. तुर्कस्तानात बड्याच्या गोश्ताला मेथी, लसूण आणि लाल मिरचीचा लेप देऊन 'पास्तिर्मा' करतात.

घरचे सुके गोश्त मात्र कच्चेच असते, तसेच खायला देऊ नका. गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, पाणी फेकून द्या (जास्तीचे मीठ त्यातच जाते), कुकरमध्ये नरम शिजवा. मग बत्त्याने हलके ठेचून थोड्या तेलात कडा कुरकुरीत होईपर्यंत परता. वरून मिरपूड आणि लिंबू. मीठ अजिबात नको. बुरशी किंवा उग्र वास असेल तर गोश्त सरळ टाकून द्यावे.

फळ ऋतूप्रमाणे घ्या. उन्हाळ्यात खरबुजाचे चौकोनी तुकडे, त्यावर गोश्ताचा एक तुकडा, पुदिन्याचे पान, आणि टूथपिक खोचली की झाले. थंडीत पेरू. ताजे अंजीर मिळाले तर अर्धे चिरून मध्ये गोश्त भरा. आमच्या मते याच्या तोडीचे दुसरे काही नाही. अननस चालतो, पण तो आयत्या वेळी लावा. कबाबाच्या गोश्ताला आपण कच्ची पपई लावतो ना, तसाच अननसही गोश्त मऊ करत जातो. तासभर ठेवलात तर तुकडा पिठूळ लागेल. कलिंगडाला फार पाणी सुटते, ते वेगळेच द्या.

वाळवायला सवड नसेल तर बाजारातली चिकन सलामी आहे. पण पाकिटावरचा तपकिरी त्रिकोण फक्त मांसाहार सांगतो, हलाल सांगत नाही. हलालची खूण पाहा, घटक वाचा. कोंबडी हलाल असली तरी सलामीचे आवरण किंवा जिलेटिन कशाचे, हा प्रश्न उरतोच. परदेशी पाकिटांत वाइनही सापडते. शंका वाटली तर हळद-मिरपुडीत शिजवलेल्या कोंबडीच्या पातळ चकत्या घरीच करा, कमी कटकट.

आणखी एक. निकाहच्या किंवा अकिक्याच्या दावतीत नवे ताट दिसले की वडीलधारी मंडळी हात लावत नाहीत. गोश्त कशाचे हे विचारायचा संकोच असतो. म्हणून ताटाशेजारी 'बकऱ्याचे गोश्त, घरी वाळवलेले' अशी चिठ्ठी ठेवा. रक्तदाबवाल्यांसाठी बाजूला नुसती फळे असू द्या.

एका माणसामागे चार तुकडे पुरतात. पुढे बिर्याणी यायची आहे.