एक खटला, चार वृत्तान्त

येशूवरचा खटला चारही शुभवर्तमानांत आहे, पण तपशील जुळत नाहीत. मार्क आणि मत्तय यांच्या सांगण्यानुसार न्यायसभा रात्रीच महायाजकाकडे भरली. लूक म्हणतो, दिवस उजाडल्यावर. योहान येशूला आधी हन्नाकडे, मग त्याचा जावई कयफाकडे नेतो. न्यायसभेतल्या सुनावणीचं वर्णनच करत नाही. हेरोद अंतिपापुढची हजेरी फक्त लूकमध्ये. पिलाताच्या बायकोचं स्वप्न आणि पिलाताचं हात धुणं फक्त मत्तयात. क्रुसावर देण्यासाठी येशूला सोपवणारा मात्र चौघांतही पिलातच. सर्वांत बोलका फरक त्याच्यासमोरच्या येशूचा आहे: मार्कमध्ये तो एक त्रोटक उत्तर देऊन गप्प होतो, तर योहानात राज्य, सत्य आणि अधिकार यांवर पिलाताशी सविस्तर बोलतो.