एकाच पत्त्याची दोन वाचनं

लिनक्स किंवा मॅकचं टर्मिनल उघडा आणि इंग्रजी आकड्यांत 'पिंग १२७.१' टाइप करा. पत्ता अर्धवट आहे, अशी तक्रार यंत्र करत नाही. ते १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःलाच हाक मारतं आणि स्वतःच ओ देतं. मग 'पिंग १०.२५८' करून पाहा. आयपी अ‍ॅड्रेसमध्ये २५५ च्या पुढचा आकडा चालत नाही, हे आपल्याला पहिल्याच तासाला शिकवलेलं असतं. तरी यंत्र बिनबोभाट १०.०.१.२ च्या शोधाला लागतं. आणि 'पिंग २१३०७०६४३३' असा बिनठिपक्यांचा सलग आकडा दिला, तर स्वारी पुन्हा आपल्याच दारात.

यात बिघाड काहीच नाही. आयपी अ‍ॅड्रेस (इथे जुना, आवृत्ती चारचा) म्हणजे मुळात ३२ बिटांची एक संख्या. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला 'आरएफसी ७९१' हा दस्तऐवज आला. त्यात पॅकेटमध्ये ही संख्या कुठे बसते ते काटेकोर सांगितलं आहे. पण माणसानं ती कागदावर कशी लिहावी, याचं व्याकरण नाही. चार तुकडे आणि तीन ठिपके ही आपली सोय. १२७ ला २५६ च्या घनानं गुणा, एक मिळवा, आला २१३०७०६४३३. नेटवर्क कार्डाला ठिपके ठाऊकच नसतात.

व्याकरण नव्हतं, म्हणून ज्याचा कोड आधी पसरला त्याचा रिवाज पडला. तो बर्कलीच्या युनिक्सचा, १९८३ च्या ४.२ बीएसडीचा. पत्ता वाचणारं त्यांचं फंक्शन फार दिलदार होतं. तुकडे चारापेक्षा कमी असले तर शेवटचा तुकडा उरलेली सगळी जागा व्यापतो, १०.२५८ मधला २५८ म्हणूनच १.२ होतो. तुकड्याच्या आधी शून्य आणि एक्स असेल तर तो षोडशमान पद्धतीचा, आणि नुसतं शून्य असेल तर अष्टमान पद्धतीचा. सी भाषेत आकडे असेच लिहितात, तीच सवय इथे उतरली. त्यामुळे ०१० म्हणजे दहा नव्हे, आठ. ०१७७ म्हणजे १२७. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी हा रिवाज अनेक ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात सुखरूप आहे.

आता वेबसाइटवरचा एक साधा फॉर्म घ्या, ज्यात आयपी अ‍ॅड्रेस भरायचा आहे. नवशिका प्रोग्रामर रेगेक्स, म्हणजे मजकुराचा नमुना, लिहितो: एक ते तीन अंक, ठिपका, असं चार वेळा. त्यातून ९९९.९९९.९९९.९९९ आरामात आत येतो. कुणी दाखवून दिलं की तो रेगेक्स लांबवतो, २५५ ची मर्यादा घालतो, आणि तीन ओळींचा एक मंत्र तयार होतो, जो पुढे कुणालाच वाचता येत नाही. त्यातही आपल्या लिपीचा एक पेच आहे. पायथनमध्ये 'कोणताही अंक' या खुणेत देवनागरी अंकही बसतात, आणि '१९२' हा मजकूर संख्येत बदलायला सांगितला तर पायथन बिनतक्रार एकशे ब्याण्णव देतो. जावाचा रेगेक्स देवनागरी अंक नाकारतो, पण संख्येत बदलणारं जावाचंच फंक्शन ते स्वीकारतं. जावास्क्रिप्ट दोन्हीकडे नकार देतं. पायथनची पत्ते वाचणारी स्वतःची लायब्ररी मात्र शहाणी आहे: अंक आस्की संचातलेच हवेत, हे ती मुद्दाम तपासते. या लेखातले पत्ते छापलेत तसे उचलून कुठे चिकटवले, तर काय होईल ते त्या त्या भाषेवर अवलंबून आहे.

चुकीचा पत्ता आत आला तर फार तर फॉर्म बिघडतो. घोर लावतो तो बरोबर पत्ता, जो दोघे जण वेगवेगळा वाचतात. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन चिठ्ठीवरचा फ्लॅट नंबर एक वाचतो आणि लिफ्टमन दुसराच, तर वॉचमननं केलेल्या चौकशीला काय अर्थ? कोडमध्ये वॉचमन म्हणजे तपासणी करणारी लायब्ररी, आणि लिफ्टमन म्हणजे प्रत्यक्ष जोडणी करणारी ऑपरेटिंग सिस्टिम.

अनेक सेवा वापरकर्त्यानं दिलेल्या पत्त्यावर स्वतः जाऊन काहीतरी घेऊन येतात. लिंक चिकटवली की तिचं चित्र आणि शीर्षक दाखवणारं चॅट अ‍ॅप हे रोजचं उदाहरण. अशा सर्व्हरला कुणी बाहेरच्या लिंकऐवजी त्याच्याच घरातला पत्ता दिला, तर तो घरातली गोष्ट आणून परक्याच्या हातात ठेवतो. या हल्ल्याला सर्व्हर-साइड रिक्वेस्ट फोर्जरी म्हणतात, थोडक्यात एसएसआरएफ. क्लाउडवर यासाठी सर्वांत मोहाचा पत्ता १६९.२५४.१६९.२५४: तिथे यंत्राची माहिती मिळते, आणि कधी कधी तात्पुरत्या किल्ल्याही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेतून सुमारे १० कोटी अमेरिकी आणि ६० लाख कॅनेडियन लोकांची माहिती गेली. फायरवॉल चुकीची लावलेली होती, आणि आत शिरल्यावर एसएसआरएफ वापरला गेला, असं अ‍ॅमेझॉननं नंतर आपलं मत सांगितलं. त्या प्रकरणात आकड्यांच्या लिखाणाचा घोळ नव्हता. पण तो पत्ता काळ्या यादीत टाकून निर्धास्त झालेल्यांनी ध्यानात ठेवावं, की २८५२०३९१६६ हाही तोच पत्ता आहे.

लिखाणाचा घोळ उघड झाला तो २०२१ च्या मार्चमध्ये. जावास्क्रिप्टच्या जगात आठवड्याला लाखो वेळा उतरवली जाणारी 'नेटमास्क' ही लायब्ररी सुरुवातीचं शून्य सोडून देत होती. तिला ०१७७.०.०.१ दिला की ती म्हणे १७७.०.०.१, बाहेरचा पत्ता, जाऊ द्या. ऑपरेटिंग सिस्टिम तोच मजकूर १२७.०.०.१ असा वाचे आणि थेट घरात शिरे. मग इतरांनी आपापल्या भाषा चाचपल्या आणि एकामागून एक कबुल्या आल्या: पर्ल, पायथन, गो, रस्ट. पायथनची गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. तिथे अष्टमान वाटणाऱ्या संशयास्पद तुकड्यांना नाकारणारी तपासणी आधी होती. ३.८ आवृत्तीत ती काढली, सुरुवातीची शून्यं खपवून घेतली जाऊ लागली, आणि ३.९.५ मध्ये कडक नकार आला. ढिलाई करताना कुणाचा हेतू वाईट नव्हता. शून्य लावून लिहिणारी माणसं असतात, त्यांची गैरसोय कशाला, एवढाच विचार.

याला दुसरी बाजूही आहे. एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारातली 'आयपी' नावाची लायब्ररी शून्य-एक्स-सात-एफ, ठिपका, एक असा षोडशमान पत्ता सार्वजनिक ठरवत होती, म्हणून तिच्यावर सीव्हीई, म्हणजे सुरक्षा-त्रुटीची जाहीर नोंद, झाली. लायब्ररीच्या लेखकाचं म्हणणं असं, की असा विचित्र मजकूर थेट बाहेरून माझ्या फंक्शनपर्यंत येऊ देणारा खरा वापर दाखवा. इशाऱ्यांचा मारा इतका झाला, की २०२४ मध्ये त्यानं गिटहबवरचा प्रकल्प फक्त वाचनापुरता करून टाकला. नंतर गिटहबनं त्या त्रुटीची तीव्रता खाली आणली. फुकट राबणाऱ्या माणसाचा वैताग मला पटतो. तरीही 'सार्वजनिक आहे का?' असं नाव असलेलं फंक्शन लोक पहाऱ्यावर उभं करणारच.

माझं मत सरळ आहे: मजकूर तपासूच नये. तो एकदाच वाचावा, काटेकोर वाचणाऱ्या लायब्ररीनं. वाचता आला नाही तर परत पाठवावा. वाचता आला की हाती संख्या येते. यापुढची सगळी चौकशी त्या संख्येची, आणि जोडणीही त्याच संख्येकडे. मूळ मजकूर पुन्हा पुढे सरकवला, की दुसरं वाचन आलंच. चौकशीतही डोळे उघडे हवेत. '१७२ नं सुरू होणारे पत्ते खासगी' ही कोडमध्ये हटकून दिसणारी चूक. खासगी पट्टा १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतच आहे. नव्या आवृत्ती सहामध्ये जुना पत्ता चार एफच्या मागे दडवून लिहिता येतो, तेव्हा आधी तो बाहेर काढावा आणि मग खासगी पत्त्यांच्या यादीशी ताडावा. लिंकमध्ये आकड्यांऐवजी नाव असेल तर आणखी एक खुबी: तपासताना ते नाव एक पत्ता सांगतं आणि दोन सेकंदांनी जोडणी करताना दुसरा. म्हणून नावाचं उत्तर एकदाच घ्यायचं आणि तेच वापरायचं. जोडणीनंतर समोरच्या सर्व्हरकडून दुसरीकडे वळवणारं उत्तर (रीडायरेक्ट) आलं, तर नव्या पत्त्याची चौकशी पहिल्यापासून.

साठवण हा दुर्लक्षित कोपरा. पत्ते मजकूर म्हणून ठेवले तर क्रम लावताना १०.०.०.१० हा १०.०.०.९ च्या आधी येतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पत्त्यांसाठी वेगळा प्रकारच आहे. तो वापरायला काही कष्ट पडत नाहीत. जुन्या डेटाबेसांत मात्र अजून १५ अक्षरांचा रकाना सापडतो, कारण चार तुकड्यांना तेवढा पुरत असे. आवृत्ती सहाचा पत्ता १२८ बिटांचा, पूर्ण लिहिला तर ३९ अक्षरांचा, आणि त्यात जुना पत्ता ठिपक्यांसह दडवला तर ४५ पर्यंत जाणारा. तोही मोठ्या किंवा लहान लिपीत, शून्यं गाळून किंवा ठेवून, अनेक तऱ्हांनी लिहिता येतो. २०१० च्या 'आरएफसी ५९५२' नं एक ठरीव रूप सुचवलं, पण सगळे ते पाळतात असं नाही.

भारतात हा प्रश्न लांबचा नाही. २०१६ मध्ये जिओ सुरू झालं आणि त्यानंतर इथल्या मोबाइलवरून येणाऱ्या रहदारीत आवृत्ती सहाचा वाटा झपाट्यानं वाढला. ढिल्या मोडमध्ये चालवलेला मायएसक्यूएल डेटाबेस असे पत्ते १५ अक्षरांशी कापून मुकाट्यानं ठेवतो. फार तर एक इशारा देतो, जो कुणी वाचत नाही. पुढे सायबर सेलनं चौकशीसाठी नोंदी मागितल्या, तर रकान्यात उरलेले पहिले तीन तुकडे मोबाइल कंपनी कोणती ते सांगतात, मोबाइल कुणाचा ते नाही.