पहिल्या पाचात कोण?

परवा जळगावच्या बसस्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट पाहत होते. शेजारच्या बाकावर कॉलेजच्या पाचसहा मुली, एकीच्या मांडीवर बास्केटबॉल. चर्चा एकच: उद्याच्या सामन्यात पहिल्या पाचात कोण? एक मुलगी मात्र गप्प होती. मग हळूच म्हणाली, "उद्या आई येणारेय बघायला. मी बाहेर बसलेली दिसले ना, तर म्हणेल, बस झाला खेळ!"

मैत्रिणींनो, ती आई तुमच्या-माझ्यातलीच. १९९० साली जळगावला विद्यापीठ झाले. आता जळगाव, धुळे, नंदुरबारच्या कॉलेजांचे आंतरमहाविद्यालयीन सामने आपल्या खानदेशातच होतात, म्हणजे आईला बघायला जाता येते. पण काय बघायचे, ते ठाऊक हवे ना?

संघात बारा मुली, मैदानात एका वेळी पाच. संघ नवा, निम्म्या मुली पहिल्या वर्षाच्या. मग अंदाज बांधायचा कसा? भरताचे वांगे घेताना आपण नुसता आकार बघतो का? हातात घेऊन बघतो. जड लागले तर बिया फार. इथेही नुसत्या उंचीवर जाऊ नका. सरावाची शेवटची पंधरा मिनिटे बघा, मुली दमलेल्या असतात तेव्हाची.

चेंडू पुढे नेणारी मुलगी आधी ठरते. तिच्या हातून चेंडू सुटत नाही आणि मैत्रीण कुठे मोकळी आहे, हे तिला दिसते. दुसरी बास्केटखाली जागा अडवून धरणारी. कडे दहा फुटांवर, तेव्हा उंची हवीच. पण पाय रोवून उभे राहणेही हवे. तिसरी लांबून नेम साधणारी. चौथी समोरच्या संघातल्या भारी खेळाडूच्या मागे सावलीसारखी राहणारी.

खरा पेच पाचव्या जागेचा. जुनी, अनुभवी मुलगी की नवी, चपळ? माझा अंदाज विचाराल, तर सुरुवातीला जुनी. नव्या मुलीच्या हातून घाईत फाउल होतात आणि पाच फाउल झाले की खेळाडू बाद!

पण म्हणून नवी मुलगी कमी ठरत नाही हं. या खेळात बाहेर काढलेली खेळाडू पुन्हा आत येऊ शकते. दहा-दहा मिनिटांचे चार डाव. पहिल्या पाचांना धाप लागली की बाकावरचीच सामना सावरते. सुरुवात कोणी केली यापेक्षा शेवटच्या डावात मैदानात कोण आहे, ते बघा.

आणि हा खेळ मुलींचा नाही, असे कोणी म्हणाले तर सांगा: खेळ निघाला १८९१ च्या डिसेंबरात, अमेरिकेत, पुढच्याच वर्षी तिथल्या स्मिथ कॉलेजात मुली तो खेळू लागल्या. आपल्या पुण्याची शिरीन लिमये तर भारताच्या संघाची कर्णधार झाली.

तेव्हा लेक घरी आली की "किती वेळ खेळवलं गं तुला?" असे विचारू नका. "आत गेलीस तेव्हा काय केलंस?" असे विचारा. बघा, जेवता जेवता सगळा सामना सांगेल!